चाकोरी आणि अडीचशे मिलिमीटर

बैलगाडीच्या दोन चाकांमधील अंतर गाडीचा धनी ठरवीत नसे. ते वाट ठरवीत असे. पिढ्यान् पिढ्या एकाच वाटेने गेलेल्या गाड्यांच्या धावांनी मुरमात आणि काळ्या मातीत जे दोन समांतर चर पाडलेले असत, त्यांनाच आपली भाषा चाकोरी म्हणते. आणि गावचा सुतार नव्या गाडीचा कणा बेतू लागला म्हणजे त्या चाकोरीचे माप त्याच्या हातात आधीच उतरलेले असे, कारण ज्या गाडीचे एक चाक चरात आणि दुसरे उंचवट्यावर चालते, ती गाडी बैलांच्या खांद्यांना आणि आत बसणाराच्या हाडांना सारखीच जाचते. पुढे लोखंडी रस्ता आला तेव्हा हाच मामला सुताराच्या पडवीतून सरकारी कचेरीत गेला. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून. गव्हर्नर जनरल डलहौसी यांचा कल सहा फुटांकडे होता, सल्लागार अभियंते सिम्स यांनी वादळी वाऱ्यात गाडी स्थिर राहावी या मुद्द्यावर साडेपाच फुटांची शिफारस केली होती, आणि अखेर तेच माप कायम झाले. चाकांतील रुंदीशी स्थैर्याचा संबंध आहे ही गोष्ट तेव्हाच्या कागदोपत्री आलेली आहे. पण ती रुंदी कमीजास्त करण्याची मुभा गाडी हाकणाऱ्याला असावी, असे कोणाच्या स्वप्नातही आलेले नव्हते.

ज्या वाहनाचा इतिहास मी येथे सांगू इच्छितो त्याला चाकोरीही नाही आणि रूळही नाहीत. ते हातभर लांबीचे आणि दीड किलो वजनाचे आहे. त्यात कोणी बसत नाही. मैदानाच्या एका कडेला उंच मचाणावर उभा असलेला त्याचा सारथी बिनतारी यंत्राने ते हाकीत असतो, आणि ते वाहन मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत, धूळ उडवीत, आपल्यासारख्याच नऊ-दहा वाहनांशी पाच मिनिटांची शर्यत खेळते. या बग्गीच्या मागील चाकांमधील अंतर किती असावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या एका प्रश्नाची गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील वाटचाल मला फार उद्बोधक वाटते. कारण जे माप हजारो वर्षे वाटेने, सुताराने अथवा सरकारने ठरविले, ते, एका विशिष्ट मर्यादेच्या आत का होईना, हाकणाऱ्याच्या मुखत्यारीत आले ते या छोट्या वाहनांत, आणि तेही एक बिजागरी नव्वद अंशांनी फिरल्यामुळे.

बिनतारी लहरींनी दूरवरचे यान हाकता येते हे निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहानशी नाव पाण्यात फिरवून दाखविले होते. परंतु तशी मोटार बाजारात विकत मिळू लागण्यास १९६६ साल उजाडावे लागले, आणि तीही इटलीतील एका खेळणी बनविणाऱ्या संस्थेने काढलेली, बाराव्या हिश्शाची, फेरारीची प्रतिकृती होती. त्यानंतरची खरी हकीकत जपानमधील शिझुओका शहराची आहे. देवळांच्या बांधकामासाठी तेथे आलेले सुतार व नक्षीकाम करणारे कारागीर पुढे तेथेच स्थायिक झाले, आणि त्यांच्या हातातील लाकूडकामाच्या कसबावर त्या नगरीचे पुढचे उद्योग उभे राहिले, असे तेथे परंपरेने सांगतात. महायुद्धाने होरपळलेल्या याच शहरात १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी काढली. लवकरच त्या गिरणीतून लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बाहेर पडू लागल्या, आणि लाकडाची जागा प्लास्टिकने घेतल्यावर थोरले चिरंजीव शुन्साकू यांच्या हाताखाली तामिया हे नाव जगभरच्या मुलांच्या तोंडी झाले. या घराण्याचा मूळ पेशा प्रतिकृतीचा, म्हणजे जे जगात आहे ते हुबेहूब लहान करून दाखविण्याचा होता. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

१९७६ साली तामियाने पोर्शे ९३४ ही बिनतारी मोटार काढली आणि १९७९ साली दशांश प्रमाणाच्या दोन बग्ग्या काढल्या: रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर. त्यांचे मूळ कॅलिफोर्नियाच्या वाळूत होते. तेथे १९६४ साली ब्रूस मायर्स यांनी फोक्सवागन बीटलच्या यंत्रावर काचतंतूंचे हलके कवच चढवून मँक्स नावाची बग्गी बनविली होती, आणि १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाच्या उजाड वाटांवरून झालेली पहिली मोठी शर्यत अशाच एका मँक्सने सत्तावीस तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली होती. तामियाने या वाळूतल्या गाड्या लहान केल्या, आणि प्रतिकृतीच्या धर्माला जागून त्यांची मागील चाकेही जवळजवळ तशीच टांगली, जशी मूळ जर्मन गाडीची टांगलेली होती.

येथे किंचित थांबून बीटलच्या मागील चाकांकडे पाहिले पाहिजे. त्या गाडीच्या जुन्या घडणीत मागच्या आसाचे दोन अर्ध होते आणि प्रत्येक अर्ध केवळ गिअरपेटीपाशी सांध्यात फिरे, बाहेरच्या टोकास चाक पक्के. त्यामुळे गाडी उसळली की दोन्ही चाके पोटाखाली वळत, त्यांमधील अंतर घटे, आणि नेमक्या ज्या क्षणी वळणावर पाय रोवून उभे राहावयाचे त्याच क्षणी गाडीचा पाया आखूड होई. हा दोष ओळखूनच १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना दोन सांध्यांचे आस आणि मागे पसरलेल्या भुजा देण्यात आल्या. तामियाच्या बग्गीत अशा मागे पसरलेल्या भुजा होत्या. भुजेची बिजागरी आडवी, म्हणजे गाडीच्या रुंदीला जवळजवळ समांतर असल्यामुळे चाक वरखाली होताना दाराच्या फळीसारखे एका ठरीव पातळीत झुले आणि रुंदीत फरक पडत नसे. पण भुजेच्या मुळाशी ती रुंदी बदलण्याची सोयही तिच्यात नव्हती. ओतीव धातूचे भाग, तेल भरलेले शॉक, बिनतारी यंत्राला पाणी लागू नये म्हणून केलेली पारदर्शक बंद पेटी, असा तो सारा सरंजाम आजही पाहणाऱ्याला लोभवितो. मी त्या गाडीकडे नेहमी आदराने पाहतो. परंतु तिच्या मागील चाकांची रुंदी हा कारखान्याचा शेवटचा शब्द होता, आणि ती गाडी घेणाऱ्या मुलालाही त्यावर काही म्हणावयाचे नव्हते. त्याला खऱ्या गाडीसारखी दिसणारी गाडी हवी होती, आणि ती त्याला मिळालेली होती.

म्हणावयाचे होते ते शर्यत खेळणाऱ्यांना. कॅलिफोर्नियात असोसिएटेड इलेक्ट्रिक्स नावाची एक संस्था होती. खाचेतून धावणाऱ्या छोट्या मोटारींच्या छंदातून १९६० च्या दशकात ती निघाली होती, आणि तिचे एक संस्थापक रॉजर कर्टिस यांनी १९८४ साली आरसी-१० ही बग्गी सिद्ध केली. ही कोणत्याही मोठ्या मोटारीची प्रतिकृती नव्हती. तिचा सांगाडा सोनेरी मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, परातीसारख्या वळविलेल्या कडांचा होता, आणि तिच्या चारही चाकांना वरखाली जोडीने धरणाऱ्या भुजा होत्या: खाली रुंद भुजा आणि वर मळसूत्र कापलेली, लांबी बदलता येणारी सळी. या सगळ्यांत माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मागच्या भुजेच्या बिजागरीची कांब आता आडवी न राहता गाडीच्या लांबीच्या दिशेने गेली. जी भुजा मागेपुढे पसरलेली होती ती आता अंगापासून बाहेर, बाजूला पसरली.

त्या एका फेरबदलाने रुंदी हा जिवंत विषय झाला. समजा, बिजागरीपासून चाकाच्या मध्यापर्यंत भुजेची लांबी पंचाहत्तर मिलिमीटर आहे आणि चाक आडव्या स्थितीपासून पंचवीस मिलिमीटर खाली लोंबले आहे. साध्या भूमितीने हिशोब केला तर ते चाक त्याच वेळी सव्वाचार मिलिमीटर आत आलेले असते, आणि दोन्ही बाजू मिळून साडेआठ. म्हणजे गाडी उडी घेऊन हवेत असताना अरुंद असते, जमिनीवर आदळून भुजा आडव्या झाल्या की सर्वांत रुंद होते, आणि प्रत्येक उंचवट्यागणिक ती जणू श्वास घेते. आणि ज्या कांबेभोवती हे सारे फिरते ती कांब केसभर बाहेर सरकविली, किंवा चाकच आसावर केसभर बाहेर बसविले, तर हा सबंध श्वासोच्छ्वास नव्या रुंदीवर चालू लागतो. आडव्या बिजागरीच्या काळात असा श्वासोच्छ्वास नव्हताच.

१९८५ साली या जातीच्या विजेवर धावणाऱ्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियात डेल मार येथे भरली. दोन चाकांना गती असलेल्या गटात जे हॉल्सी यांनी आरसी-१० वर विजय मिळविला. चारही चाकांना गती असलेल्या गटात धाकटे गिल लोसी जपानच्या योकोमो गाडीवर जिंकले. अशा स्पर्धांवर अंमल चालतो तो इफमार या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांचा, आणि त्या नियमांत आमच्या विषयापुरती एकच रेघ निर्णायक आहे: दशांश प्रमाणाच्या ऑफ-रोड गाडीची एकंदर रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. दोन चाकांना गती असलेल्या गाडीचे किमान वजन दीर्घकाळ १,४७४ ग्रॅम असे. हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण तो बावन्न औंसांचे ग्रॅममध्ये केलेले रूपांतर आहे. एकाच नियमपुस्तकात अमेरिकेचा औंस आणि उरलेल्या जगाचा मिलिमीटर शेजारी नांदत होते.

या अडीचशे मिलिमीटरांचे मर्म बीटलशी तुलना केल्यावाचून कळत नाही. खरी बीटल १,५४० मिलिमीटर रुंद; तिचा दशांश १५४. शर्यतीच्या बग्गीला कायद्याने दिलेली हद्द त्याहून जवळजवळ शंभर मिलिमीटरने मोठी. म्हणजे ज्या गाडीच्या नावाने हा खेळ सुरू झाला तिच्याशी प्रमाणाचे नाते या नियमाने केव्हाच सोडून दिलेले होते, आणि दशांश हा शब्द वंशाची खूण म्हणून तेवढा उरला होता. हे सोडणे मला योग्य वाटते. छोट्या गाडीवर गुरुत्वाकर्षण काही दशांश होत नाही, मातीचा खडाही दशांश होत नाही. मोठ्या गाडीला जो खडा जाणवतही नाही तो हिला धोंडा असतो, आणि अशा भूमीवर उभे राहावयाचे तर पाया रुंदच हवा.

पुढील दहा वर्षांचा वृत्तांत विजयांच्या यादीने सांगण्याचा मोह होतो, पण तो मी आवरता घेतो. १९८७ साली इंग्लंडमधील रॉम्सी येथे जोएल जॉन्सन क्योशोच्या अल्टिमावर जिंकले, आणि चारही चाकांच्या गटात जपानच्या मसामी हिरोसाका या तरुणाने इंग्लंडच्या सेसिल शूमाकर यांच्या कॅट या गाडीवर अजिंक्यपद मिळविले. कॉसवर्थच्या कारखान्यात गिअरपेटीचे काम केलेल्या शूमाकर यांनी छोट्या मोटारींना बॉल डिफरेन्शियल दिला, हा त्यांचा स्वतंत्र मोठेपणा. हिरोसाका यांनी पुढे एकंदर चौदा जागतिक विजेतेपदे मिळविली.

रुंदीच्या इतिहासात मात्र माझ्या मते सर्वांत धाडसी गाडी विजेत्यांच्या यादीवरून ओळखता येणार नाही. ती म्हणजे लोसी पितापुत्रांच्या संस्थेने १९८८ साली काढलेली जेआरएक्स-२. या गाडीच्या प्रत्येक मागील चाकाला एकसंध भुजा नव्हती. पाच स्वतंत्र सळ्यांनी ते चाक धरलेले होते, काही पुढून मागे येणाऱ्या, काही आतून बाहेर जाणाऱ्या. आतून बाहेर जाणाऱ्या सळ्या लांब केल्या की चाक बाहेर जाई, आखूड केल्या की आत येई. पुढच्या सळ्यांनी चाक मागेपुढे सरके. आणि खालची एक लांब, दुसरी आखूड ठेवली की चाकाचे तोंड आत वळे. म्हणजे कारखानदाराने आपल्याकडचा सारा अधिकार एका पान्यासह गाडी घेणाऱ्याच्या हवाली केला. अशी उदारता त्यापूर्वी क्वचितच कोणी दाखविली असेल. पण पाच सळ्यांना दहा सांधे, दहा सांध्यांना दहा ठिकाणची झीज, आणि एका आदळण्यात वाकलेली एक सळी उरलेल्या चारांचे माप बिघडविणार; शिवाय एक गोष्ट बदलावयाची तर चार गोष्टी आपोआप बदलत, आणि त्या पुन्हा पूर्वस्थितीला आणणे हे शर्यतीच्या दोन फेऱ्यांमधील अर्ध्या तासाचे काम नव्हते. लोसींनीच काही वर्षांत ती रचना सोडली आणि ते एकसंध भुजेकडे आले. मी त्याला अपयश म्हणणार नाही. पुढे जे सर्वांनी स्वीकारले त्याचा पहिला खर्डा तो होता. त्यातील मुभा बरोबर होती, फक्त ती कोठे ठेवावी हे अजून सापडावयाचे होते.

एकसंध भुजेच्या काळात रुंदी बदलण्याचा सोपा मार्ग बाहेरच्या टोकाला उरला: आसावर चकत्या घालणे, किंवा ज्या चाकाचा तुंबा अधिक आत बसविलेला आहे असे दुसरे चाक लावणे. या शतकाच्या दुसऱ्या दशकात मागील चाकांना बारा मिलिमीटरचा षट्कोनी तुंबा, ज्याला सर्वजण हेक्स म्हणतात, तो सार्वत्रिक झाला. मग कारखाने हेक्सच निरनिराळ्या जाडीचे, मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाचे, विकू लागले. एक नट सोडावा, चाक काढावे, अ‍ॅल्युमिनियमचा तो छोटा षट्कोन बदलावा, आणि चाक परत लावावे. हे सोपे खरे, पण याला एक किंमत आहे. शॉकचे खालचे टोक भुजेवर जेथे होते तेथेच राहते आणि चाक मात्र दूर जाते. तरफेचा दांडा लांबल्यामुळे चाकाला स्प्रिंग पूर्वीपेक्षा मऊ लागते. रुंदीमुळे गाडी जास्त ताठ उभी राहील असे म्हणावे तर स्प्रिंग थोडी ढिली झालेली असते, आणि नवख्याला यातले कोणते कारण कोणत्या परिणामाचे हे उमगत नाही.

आतल्या टोकाची सोय आली ती निराळ्या निकडीने. डेल मारच्या काळी मैदान म्हणजे सुटी माती. तेथे चाक घसरणार हे गृहीत होते आणि सारी विद्या त्याला थोडी अधिक पकड कशी मिळेल यात होती. पुढे युरोपात पाऊस व थंडी टाळण्यासाठी शर्यती छपराखाली गेल्या, मातीच्या जागी गालिचे आणि कृत्रिम हिरवळ अंथरली गेली, आणि एकदम उलटे संकट उभे राहिले: पकड इतकी की वळणावर चाक घसरेना, आणि चाक घसरेना म्हणून गाडीच बाजूवर उलटे. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो हे गाडीच्या वजनावर, वळणाच्या जोरावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि चाकांतील अंतरावर अवलंबून असते. उंची वाढली की ते स्थलांतर वाढते आणि रुंदी वाढली की घटते. वजनाला नियमाचा तळ, उंचीला जमिनीचा; उरली रुंदी. म्हणून २५० च्या आत, पण २५० च्या शक्य तितके जवळ, आणि तेही स्प्रिंगच्या तरफेला हात न लावता जावयाचे, ही निकड होती.

तिचे उत्तर आज माझ्यासमोरील टेबलावर आहे. माझ्या पुतण्याची बग्गी मी पालथी करून ठेवली आहे. मागील भुजेची कांब दोन धातूच्या ठोकळ्यांत अडकविलेली आहे, एक भुजेच्या पुढे, एक मागे. आणि प्रत्येक ठोकळ्यात कांब थेट न जाता हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या एका प्लास्टिकच्या चकतीतून जाते. ही चकती उत्केंद्र आहे: तिच्यातील छिद्र मध्यावर नसून किंचित एका बाजूला आहे, आणि किती बाजूला ते तिच्यावरील टिंबांनी दाखविले आहे. चकती काढून छिद्र वर येईल अशी बसविली तर कांब वर जाते आणि गाडीच्या कलण्याचा मध्य बदलतो. छिद्र बाहेर येईल अशी बसविली तर कांब बाहेर जाते आणि रुंदी वाढते. पुढच्या ठोकळ्यातील चकती एका दिशेने आणि मागच्यातील दुसऱ्या दिशेने बसविली तर कांब तिरपी होऊन चाकांची तोंडे वळतात. जेआरएक्सच्या पाच सळ्यांत जी मुभा पसरलेली होती ती येथे चार दाण्यांत साठविलेली आहे. शिवाय आदळण्यात मोडते ती सहसा भुजा, चकती नव्हे. केलेली मांडणी टिकते.

पण या चार दाण्यांनी मला एक धडा दिला आहे. गावाबाहेरच्या मुरमाच्या मैदानावर गाडी वळणात फार कलते असे दिसल्यावरून एकदा मी मागील रुंदी वाढविली, आणि गाडी कलण्याची थांबली खरी, पण वळणातून बाहेर पडताना वेग देताच तिची मागची बाजू सुटून ती गर्रकन उलट तोंडाने उभी राहू लागली. अर्धा दिवस मी रबरी टायरांना आणि मुरमाला दोष देत होतो. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तो पुढच्या ठोकळ्यातील दोन्ही चकत्या मी बाहेर वळविल्या होत्या आणि मागच्या ठोकळ्यातील वळविण्याचे राहून गेले होते. कांबेचे पुढचे टोक बाहेर आणि मागचे जागच्या जागी, म्हणजे मागील चाकांची आत वळलेली तोंडे, ज्यांना टो-इन म्हणतात, तीन अंशांवरून अडीचवर आली होती, आणि त्या अर्ध्या अंशाने गाडीचे सारे स्थैर्य नेले होते. मागच्याही चकत्या बाहेर वळविल्यावर गाडी सुधारली. तरी त्या सुट्या मुरमावर जुनी, अरुंद मांडणीच मला सरस वाटली, आणि मी अखेर तिच्याकडेच परतलो.

यामागे जाणत्या खेळाडूंचा एक शिरस्ता आहे. मागील रुंदी वाढविली की वळणात शिरताना मागची चाके अधिक धरतात आणि भरधाव वेगात, वीज दिलेली असताना, गाडी सरळ जाऊ पाहते. रुंदी घटविली की वळणातून बाहेर पडताना मागची चाके अधिक धरतात आणि अरुंद वळणात पुढचे तोंडही चटकन वळते. गालिच्यावर उलटण्याचे भय, म्हणून तेथे रुंदी. सुट्या मातीवर बाहेरच्या चाकावर भार जाऊन ते मातीत रुतावे अशीच इच्छा असते, म्हणून तेथे थोडे कलणे हितावह. हा शिरस्ता आहे, कायदा नाही. टायर, तापमान आणि मैदानाची ओल त्याला सहज उलथून टाकतात. मिलिमीटर क्षुल्लक वाटतो, पण मागच्या दोन टायरांच्या मध्यांतील अंतर दोनशे मिलिमीटरांच्या आसपास असते. त्यात चार मिलिमीटरांची भर म्हणजे शेकडा दोन, आणि खऱ्या मोटारीच्या दीड मीटर अंतरात तेवढाच वाटा धरला तर तो तीन सेंटिमीटर भरतो.

ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांना माझे सांगणे एवढेच. रुंदी मोजण्यापूर्वी गाडी दोन्ही हातांनी खाली दाबून सोडावी आणि हातभर पुढे ढकलून घ्यावी, कारण उचलून ठेवलेल्या गाडीच्या भुजा लोंबलेल्या असतात आणि टायर जमिनीला चिकटून त्यांना तशाच धरून ठेवतात. मग कॅलिपर टायरच्या सर्वांत बाहेरच्या कडांना लावावा. नंतर भुजा आडव्या होतील इतकी गाडी दाबून पुन्हा मोजावे, कारण गाडी खरी रुंद तेव्हा असते, आणि तेव्हाही ती २५० च्या आत राहिली पाहिजे. आतली कांब बाहेर नेली असेल तर गिअरपेटी आणि चाक यांना जोडणारा डॉगबोन आपल्या खाचेत पुरेसा बसला आहे ना, हे चाक पूर्ण खाली सोडून पाहावे. खाचेच्या कडेवर लोंबकळणारा डॉगबोन पहिल्याच उडीत निखळतो. आणि चकत्या बदलल्या की चारही बदलाव्या, व आधीची मांडणी वहीत लिहून ठेवावी.

जुन्या गाड्यांविषयीचे प्रेम आता पुन्हा जागे झाले आहे. रफ रायडर २००९ साली बग्गी चँप या नावाने आणि सँड स्कॉर्चर २०१० साली तामियाने परत बाजारात आणली. २०१३ साली असोसिएटेडने आरसी-१० ची जुनी सोनेरी परात पुन्हा काढली. ज्याला या इतिहासाचे दोन टप्पे हातांनी पाहावयाचे असतील त्याने या दोन जातींच्या गाड्या शेजारी शेजारी पालथ्या ठेवाव्या आणि मागील भुजेची कांब कोणत्या दिशेने गेली आहे ते बघावे. आरसी-१० ची कांब लांबीच्या दिशेने आहे. सँड स्कॉर्चरची आडवी आहे. तिच्या भुजेच्या मुळाशी रुंदी बदलण्याची सोय १९७९ साली नव्हती, आणि नव्या आवृत्तीतही ती नाही.